आर्णीसारख्या गावात राहून रीमिक्सच्या धंद्यावर घर चालेल का?

आर्णी_बीट

राम राम मंडळी. जिल्हा यवतमाळ, तालुका आर्णी. काम एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर. लॅपटॉप आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी, साधे हेडफोन, स्पीकर नाहीत. सध्या साउंडवाल्यांना वरातीची आणि मिरवणुकीची मिक्स करून देणे चालू आहे. गाणी सिनेमाची, वरून आपली बीट. पूर्ण वेळ हेच करायचे ठरवतो आहे, म्हणून नेमकं विचारतो.

थोडे पैसे हातात आले तर आधी काय घ्यावे: रॅम, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचे यंत्र) की स्पीकर? हेडफोनवर दणदणीत वाटणारा बेस ट्रॅक्टरवरच्या सेटअपवर गायब का होतो? आणि साउंडवाला म्हणतो "तुझ्या गाण्यानं कॉइल जळते", ते खरे का? गावच्या भजनी मंडळाचं जुनं रेकॉर्डिंग आणि डफड्याचा आवाज घेऊन काही करायचे तर सुरुवात कुठून? यूट्यूबवर टाकले की क्लेम (गाण्याच्या कंपनीचा हक्काचा दावा) येतो, मग पैसा कुठून यायचा? आणि हे सगळे नागपूर-पुणे न गाठता जमते का?

मिक्सवाला_वरूड

कॉइलचे, म्हणजे स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्याचे, आधी, कारण गिऱ्हाईक तिथेच तुटते. साउंडवाला खरे बोलतो. गाण्याचे शिखर आणि सरासरी यांत साधारण १२ डीबीचे अंतर असले की ठोका बसतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये कॉइलला गार व्हायला सवड मिळते. तुम्ही मास्टरवर (शेवटच्या पूर्ण मिक्सवर) लिमिटर (आवाजाचे शिखर अडवणारे प्लगइन) दाबून तेच अंतर ४ डीबीवर आणता. शिखर तेवढेच, पण सरासरी ८ डीबीने वर, म्हणजे कॉइलमध्ये जाणारी उष्णता सहा पटींहून जास्त. त्यात जनरेटरचा व्होल्टेज पडला, अ‍ॅम्प्लिफायर क्लिप व्हायला (शिखरे कापायला) लागला, की वरात निम्म्यात बंद. साउंडवाल्याला देताना मास्टर उणे ८ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचे माप) वर नेऊ नका, ट्रू पीक (खरे शिखर) उणे १ ठेवा. यूट्यूब आणि स्पॉटिफाय तसेही सगळे उणे १४ च्या आसपास आणतात, तिथे दाबून काहीच मिळत नाही. दोन फायली वेगळ्या काढा, एक रस्त्याची, एक नेटची.

आता गायब होणारा बेस. कारणे दोन. पहिले, मिरवणुकीचा सेटअप बहुतेक वेळा मोनो चालतो. तुम्ही बेसवर कोरस किंवा स्टिरिओ रुंद करणारे प्लगइन लावले असेल तर डावे-उजवे एकत्र आल्यावर ते एकमेकांना खाऊन टाकतात. १२० हर्ट्झच्या खालचे सगळे मोनो करा, आणि एक्सपोर्ट करण्याआधी मास्टर मोनो करून एकदा पूर्ण गाणे ऐका.

दुसरे कारण पट्टीचे, आणि ते कोणी सांगत नाही. गाणे काळी १ (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) मध्ये असेल तर बेसचा सर्वांत खालचा षड्ज ३४.६ हर्ट्झवर पडतो. इकडच्या १८ इंची पेट्यांतल्या बऱ्याचशा ४० च्या आसपास बांधलेल्या असतात. त्याच्या खाली आवाज येत नाही, नुसता कोन लटपटतो आणि फाटतो. पांढरी ५ मधले गाणे असले तर तोच सा ४९ वर, काळी ३ मध्ये ४६ वर, आणि पेटी गरजते. म्हणून काळी १ किंवा पांढरी १ चे गाणे आले तर बेस एक सप्तक वर घ्या (काळी १ ला ६९ हर्ट्झ), नाहीतर खालच्या सा ऐवजी खालचा पंचम धरा, तो ५२ वर बसतो. ३५ हर्ट्झवर हायपास (त्याखालचे कापणारा फिल्टर) मात्र प्रत्येक मिक्सला लावाच. हेडफोनवर ३४ हर्ट्झ स्वच्छ ऐकू येतो, म्हणून फसगत होते.

खरेदीचा क्रम माझ्या मते असा: रॅम १६ जीबी आणि एसएसडी, मग बंद कपाचे बरे हेडफोन, मग दोन इनपुटचा इंटरफेस, आणि स्पीकर सर्वांत शेवटी. कारण खोली. १० बाय १२ फुटांची खोली ५६ आणि ४७ हर्ट्झला स्वतःच फुगते, म्हणजे बरोबर किकच्या (ड्रमच्या जड ठोक्याच्या) जागी. महाग स्पीकर आणले तरी ते तुम्हाला खोलीचेच खोटे ऐकवतील. भिंतीवर अंड्याचे ट्रे चिकटवू नका, त्याने काही शोषले जात नाही. आपल्याकडे कापूस आहे. जुन्या कापसाच्या चार इंची गाद्या पिंजून घ्या, नवीन खोळ शिवा आणि बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना व मागे, भिंतीपासून चार इंच सोडून उभ्या करा. आवाजातला पत्र्याचा टणटणाट आणि बोलण्याचा घुमारा त्याने जातो. ५० हर्ट्झचा फुगवटा गादीने जात नाही, तो हेडफोन आणि स्पेक्ट्रम पाहूनच सांभाळायचा. खोळ पूर्ण शिवलेली हवी, मोकळा कापूस एक्स्टेन्शन बोर्डाजवळ ठेवणे म्हणजे आगीला आवतण.

सॉफ्टवेअर बदलू नका. एफएलची प्रोड्यूसर आवृत्ती एकदा घेतली की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. त्याखालची फ्रूटी आवृत्ती स्वस्त आहे, पण तिच्यात रेकॉर्डिंग जमते का ते पाहिल्याशिवाय तिथे पैसे अडकवू नका. क्रॅक (चोरीची प्रत) वापरून बाहेरच्या लेबलशी व्यवहार करता येणार नाही. प्रोजेक्ट फाइल मागितली की उघडे पडता.

कागद_आधी

वरच्यांनी आवाजाचे सांगितले, मी पैशाचे सांगतो. "क्लेम येतो, मग पैसा कुठून" या प्रश्नाचे उत्तर असे की त्या गाण्यातून येणारच नाही. त्यावर वेळ घालवू नका.

एका गाण्यात तीन मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. रीमिक्स करताना तुम्ही तिसरीला हात लावता, आणि ती कंपनीची असते. यूट्यूबचा आपोआप गाणी ताडणारा कंटेंट आयडी ती ओळखतो आणि जाहिरातीचा पैसा कंपनीकडे वळवतो, किंवा व्हिडिओ बंद करतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनलला मिळणारी ताकीद) नव्हे. पण कंपनीने रीतसर काढायला लावले तर स्ट्राइक लागतो आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जाते. वेग बदलून, पट्टी अर्धा सूर चढवून क्लेम चुकवायच्या युक्त्या व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यातून जे वाचते तेही पुढे 'पुन्हा वापरलेला मजकूर' म्हणून कमाईसाठी नाकारले जाऊ शकते.

गैरसमज इथे होतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणे वाजवायला सूट आहे. ती सूट वाजवण्याला आहे. त्या गाण्याचे मिक्स बनवून पेनड्राइव्हवर विकायला किंवा नेटवर टाकायला नाही. साउंडवाला वाचतो म्हणून तुम्हीही वाचता, असे धरू नका.

कव्हर, म्हणजे तेच गाणे नव्याने गाऊन-वाजवून घेणे, ही वेगळी वाट. कलम ३१सी प्रमाणे मूळ मुद्रण झाले त्या वर्षाच्या शेवटापासून पाच कॅलेंडर वर्षे गेल्यावर, आगाऊ नोटीस आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरून करता येते. गावातल्या माणसाला हे महाग पडते. म्हणून मोकळ्या साहित्याकडे वळा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे: १९६० साली निघालेली तबकडी २०२० संपताना मोकळी झाली. शब्द आणि चालीचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, त्यामुळे तबकडी मोकळी झाली तरी गाणे अडकलेले असू शकते.

विदर्भात यात हमखास चूक होते ती भजनांची. जनाबाई, तुकाराम यांचे अभंग मोकळे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ चे, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या रचनांचा हक्क २०२८ संपेपर्यंत आहे. भीमगीतांत वामनदादा कर्डकांचे निधन २००४ चे, तिथे २०६४. "सगळेच गातात" म्हणून हक्क संपत नाही. ओव्या, महादेवाची गाणी, भुलाबाईची गाणी, भलरी यांना कर्ता नाही, ती खुशाल घ्या. पण कोणी तरी आधी रेकॉर्ड केलेली फाइल घेऊ नका, गावातल्या बाईकडून गाऊन घ्या.

आणि गाऊन घेतली की कागद. कलम ३८ प्रमाणे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क असतो, ५० वर्षांचा. कागदावर नाव, तारीख, गाव, काय गायले, किती पैसे दिले, आणि वापर कुठे-कुठे (रीमिक्स, सॅम्पल पॅक म्हणजे विकायचा ठोक्यांचा संच, यूट्यूब, जाहिरात) हे एकेक लिहा, खाली सही किंवा अंगठा, एक साक्षीदार. वाचता येत नसेल तर कागद वाचून दाखवतानाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. पैसे त्याच दिवशी द्या आणि गाण्याच्या नावाखाली त्यांचे नाव टाका. डफडं वाजवणाऱ्याला "तुम्हाला प्रसिद्धी मिळेल" सांगून फुकट वाजवून घेणारे बरेच आहेत. गाणे चालले की हीच माणसे समोर उभी राहतात आणि तेव्हा बरोबर तेच असतात.

भोंगा_पुसद

कागदवाल्या भाऊनं सांगतलं ते बराबर हाय, पण कागदानं यंदाची चूल नाई पेटत. आर्णीवाल्या भौ, हंगाम पाय. १४ एप्रिलचं काम फेब्रुवारीत धरा लागते, मार्चच्या शेवटाले सारे साउंडवाले सेट लावून मोकळे होतात. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर. पोळा, मंग गणपती, मंग देवी. जानेवारीत शाळांचे गॅदरिंग, तिथं तं सात मिनिटाची कट-टू-कट मेडली पायजे असते आणि मास्तर लोक आदल्या रात्री फोन करतात. त्या कामाचे पैसे दुप्पट सांगजा.

आणि ज्याच्याकडं कोणी पाहत नाई ते काम म्हणजे भोंगा. कृषी केंद्र, कपड्याचं दुकान, ग्रामपंचायतीची कर भरायची सूचना, आठवडी बाजाराची रिक्षा. यात क्लेम नाई, कॉपीराइट नाई, आवाज आपला, बीट आपली. पण भोंगा हा ३०० च्या खाली आणि ५-६ हजार हर्ट्झच्या वर काई वाजवतच नाई. तिथं बेस घालून रायले तं नुसती ताकद वाया. आवाजाले ३०० वर हायपास, अडीच-तीन हजारावर ३ डीबी वर, कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारा) चार-एकाचा, संगीत आवाजापेक्षा १० डीबी खाली. रिव्हर्ब बिलकुल नोको, गल्लीच्या भिंती देतात तेवढा पुरे. एक संदेश ३० सेकंद, मंग चार सेकंद शांतता. शांतता नसली तं लोकाले शब्द लागत नाई, काहून की रिक्षा चालून रायली असते.

लाइटीचं पन सांगतो. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर इंटरफेस लावला तं मागं घूं येते, ती मिक्समधून निघत नाई. प्युअर साइन वेव्हचा घेजा. नाईतं रेकॉर्डिंग करताना लॅपटॉपची पिन काढून बॅटरीवर चालवजा, अर्धी घूं तिथंच मरते. उरली तं अर्थिंग पाय, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडते, दोन बादल्या पाणी टाकलं की फरक कळते. मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून स्वतःच मंद होते आणि आवाजात कडकड येते. लोक समजतात प्लगइन खराब. रेकॉर्डिंग पहाटे ४ ते ६. तेव्हा कूलर बंद चालते, पंखा बंद चालते.

रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा नियम हाय. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकते. त्याचा आपल्याशी संबंध असा, की मिरवणुकीची मिक्स आता छोटी पायजे. नऊ मिनिटाचा साउंड चेक कोणी वाजवत नाई. चार मिनिटात ड्रॉप (बीट जोरात पडते ती जागा) दोन.

आर्णी_बीट

सगळ्यांचे आभार. भजनाच्या जुन्या कॅसेटची फाइल आहे, गाणारे गावातलेच, कागद करता येईल, रचना पारंपरिक आहे. दोन अडचणी. एआयने आवाज वेगळा काढला तर हार्मोनियम आवाजाला चिकटून राहते आणि टाळांचा फस्स-फस्स उरतो. आणि ताल सरकतो: सुरुवात ९२ ला, शेवट ११५ च्या पुढे. ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या ठोक्यांच्या रेघांवर) बसवले की गाणाऱ्याचा आवाज रोबोटसारखा होतो.

मिक्सवाला_वरूड

हार्मोनियम चिकटणारच. तिचा सूर माणसाच्या आवाजासारखाच लांब, भरलेला आणि त्याच जागी असतो, म्हणून अल्टिमेट व्होकल रिमूव्हर वापरा की डेमक्स, दोन्ही फसतात. तिला काढायच्या मागे लागू नका, लपवा. त्याच पट्टीत स्वतःची हार्मोनियम किंवा पॅड खाली वाजवा, उरलेली तिच्यात मिसळते. टाळाच्या फस्सवर गेट (हळू आवाज बंद करणारे प्लगइन) लावू नका, शब्दांच्या शेवटचे श्वास कापले जातात. ७ हजारांच्या वर थोडे उतरवा आणि स्वतःचे खरे टाळ रेकॉर्ड करून नेमके त्याच ठोक्यावर ठेवा. आवाजाला १२० वर हायपास, ३०० च्या आसपास २-३ डीबी खाली.

त्याआधी सूर पहा. कॅसेटची गती कमी-जास्त असते, त्यामुळे गाणे दोन पट्ट्यांच्या मधोमध पडलेले असू शकते. ट्यूनर लावून षड्जावर थांबलेली जागा मोजा. ३० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर असेल तर आवाज ओढू नका, तुमचे सगळे सिंथ ३० सेंट वर घ्या. गायकाला वाद्याजवळ बोलावण्यापेक्षा वाद्य गायकाजवळ न्यायचे.

तालाचेही तसेच. आवाज ग्रिडवर नका आणू, ग्रिड आवाजावर न्या. पहिली सम शोधा, तिथे फाइलची सुरुवात कापा. दर चार आवर्तनांच्या समेवर खूण ठेवा आणि दोन खुणांमधला वेग काढून टेम्पोला ऑटोमेशन (आपोआप बदलत जाणे) द्या. त्याने बीट गाण्याबरोबर हळूहळू चढते, आणि भजनात चढणेच तर रंगत आहे. नाचायच्या मिक्ससाठी सपाट वेग हवाच असेल तर गाणे तीन तुकड्यांत तोडा: ९२ ते ९८ चा एक, मधला एक, शेवटचा एक, आणि प्रत्येकाला त्याच्या जवळचा स्थिर वेग द्या. ताण ६-८ टक्क्यांच्या पुढे गेला की शब्द चघळल्यासारखे होतात. पट्टी दोन सुरांहून जास्त हलवली तर म्हातारा गायक पोरासारखा वाटतो. एफएलमध्ये स्ट्रेचची पद्धत इलास्टिकवाली निवडा, साधा रीसॅम्पल नको.

ताल केरवा आहे की दादरा, हे मोजून घ्या. आठ मात्रांचा केरवा चारच्या किकवर सहज बसतो. सहा मात्रांचे गाणे चारच्या किकवर बसवायला गेलात की पहिल्या ओळीत जमल्यासारखे वाटते आणि दुसऱ्या ओळीत शब्द सांडतात. तिथे तीन मात्रांचा एक बीट धरा, किक पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, ग्रिड एका बीटला तीन भागांचा. वरातीत पाय याच चालीवर पडतात, त्यामुळे दादऱ्याला कमी लेखू नका.

डफड्याचे. मोबाइलवर घेऊ नका. मोबाइल आपोआप आवाज खाली-वर करतो, पहिला ठोका मोठा आणि पुढचे दबलेले येतात. साधा डायनॅमिक माइक, कातड्यापासून हातभर लांब, मधोमध रोखलेला नाही तर काठाकडे वळवलेला. दुसरा माइक मिळाला तर दीड मीटरवर. २४ बिट, शिखर उणे १२ च्या वर नको. पहिल्यांदा सगळ्यात जोराचा ठोका वाजवून घ्या आणि तिथे गेन (माइकची पातळी) कायम करा. प्रत्येक बोल हळू, मध्यम, जोरात, आणि प्रत्येक दहा वेळा. एकच ठोका कॉपी करत राहिलात तर कान तो लगेच पकडतो, मशीनगनसारखा वाटतो. दहा वेगळे असतील तर आळीपाळीने वाजवता येतात. शेवटी ३० सेकंद कोणी न हलता शांत खोलीचा आवाज घ्या.

यात बिघडते ते कातडे. डफडं शेकून ताणतात, गार झाले की सूर उतरतो, आणि श्रावणाच्या दमट हवेत तर दहा मिनिटांत उतरतो. दर पाच-सात मिनिटांनी एक ओळखीचा ठोका घेऊन ठेवा आणि पुन्हा शेकायला द्या. तसे न केल्यास पहिला आणि शेवटचा ठोका एका गाण्यात चालत नाहीत, आणि दिवस वाया.

झाडी_ऑक्टोपॅड

पूर्व विदर्भातून. वरच्या डफड्याच्या ठोक्यांचा आणखी एक ग्राहक कोणी सांगितला नाही. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथून झाडीपट्टीची नाटके निघतात. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि रात्रभर प्रयोग चालतात. ऑर्गन आणि ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवणाऱ्यांना स्थानिक आवाज हवे असतात, कारण यंत्रात भरून आलेले ढोल आपल्याकडचे नसतात. रोलंडच्या एसपीडी-एसएक्समध्ये बाहेरचे आवाज भरता येतात, एसपीडी-२० मध्ये येत नाहीत, तेव्हा गिऱ्हाइकाचे मॉडेल आधी विचारा. फाइल वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. ठोक्याच्या आधी एक मिलिसेकंदही रिकामी ठेवू नका, नाहीतर काठी पडल्यावर आवाज उशिरा येतो आणि वादक पॅक परत करतो. कीबोर्डमध्ये एक्सपीएस-१० गावोगाव आहे, त्याचे टोन बनवणारे कायम कामात असतात.

पॅक विकताना दोन गोष्टी. एक, इतरांच्या पॅकमधला एकही ठोका त्यात घालू नका. 'रॉयल्टी फ्री' म्हणजे गाण्यात वापरायला मोकळा, पुन्हा विकायला नाही. दोन, स्वतःच्या पॅकमधले लूप जसेच्या तसे असलेले गाणे कंटेंट आयडीला देऊ नका. तुमच्याच ग्राहकांच्या गाण्यांवर क्लेम जातील आणि शिव्या तुम्हाला.

रीमिक्सचा धंदा म्हणजे मोठ्या शहराचा, असे म्हणणाऱ्यांनी किंग टबी वाचावा. जमैकात किंग्स्टनला रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा, स्वतःचा साउंड सिस्टीम चालवायचा, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार गाण्यातला गळा काढून, ड्रम-बेसवर प्रतिध्वनी टाकून त्याने डब ही संगीतशैली उभी केली. अशा मिक्सच्या तबकड्या, म्हणजे प्लेटी, आधी त्याच्या साउंडवर वाजत. आपल्याकडचा साउंडवाला आणि मिक्सवाला एकाच अंगणात असतात, हे त्याच जातीचे.

कागद_आधी

बाहेरगावच्या कामाबद्दल राहिले होते. पुण्या-मुंबईचे लेबल किंवा गायक गाणे वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये पाठवते, तुम्ही मिक्स परत करता. गाव आडवे येत नाही, नेट येते. २४ बिट, ४४.१ ची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला सुमारे १६ एमबी होते. चार मिनिटांचे ३० ट्रॅक म्हणजे १.९ जीबी. मोनो ट्रॅक मोनोच पाठवा, फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली फाइल) करा, निम्म्यावर येते, आणि अपलोड रात्री ११ नंतर लावा. सगळ्या फायली एकाच शून्यापासून सुरू झालेल्या हव्यात. नावात वेग आणि पट्टी लिहा.

ठरवताना: अर्धे पैसे आगाऊ, दोन दुरुस्त्या किमतीत, तिसरीचे वेगळे, शेवटची वेव्ह पूर्ण पैसे आल्यावर, तोवर मध्ये नाव बोलणारी एमपी३. अधिकृत रीमिक्समध्ये बहुतेक वेळा एकरकमी पैसे मिळतात, रॉयल्टी नाही. हवी असेल तर करारात आधी लिहून घ्यावी लागते. हक्क लिहून देताना कलम १९ लक्षात ठेवा: मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून कंपन्या "कायमस्वरूपी, सर्व जगभर" असे छापूनच आणतात. त्या दोन शब्दांची वेगळी किंमत मागा. स्पर्धेत मिळालेले ट्रॅक स्पर्धेपुरतेच असतात, ते वरातीत मिसळून यूट्यूबवर टाकलेत तर सरळ स्ट्राइक.

स्वतःचे गाणे वितरणाला सणाच्या चार आठवडे आधी द्या. काही सेवांची फी वार्षिक असते, भरली नाही की गाणी उतरतात. स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा वाजले नाही तर त्या गाण्याचा पैसा मोजलाच जात नाही, म्हणून पंधरा अर्धवट गाणी टाकण्यापेक्षा तीन नीट टाका. चाल किंवा शब्द तुमचे असतील तर आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्य व्हा. नुसत्या रीमिक्सवर नाही होता येत, रीमिक्सवाला आपोआप संगीतकार ठरत नाही. यूट्यूबची कमाई चालू झाली की ॲडसेन्समध्ये अमेरिकी कराचा फॉर्म पॅन क्रमांकासह भरा. न भरल्यास सगळ्या जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. भरला की भारतीयांना फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या हिश्शावर १५.

आर्णी_बीट

म्हणजे आधी रॅम आणि डफड्याचे पॅक, सिनेमाची मिक्स फक्त साउंडवाल्यांच्या ओळखीपुरती. डफडं वाजवणारे पोळ्याच्या आधी मोकळे आहेत, पण तेव्हा पाऊस. रेकॉर्डिंग तेव्हा करावे की दिवाळीनंतर थांबावे?

भोंगा_पुसद

दिवाळीनंतर. हवा कोरडी, कातडं ताठ राहते. पण तेव्हाच कापूस वेचणीले येते, मानसं वावरात असतात. सकाळी सहाच्या आत बोलावजा, चहा आणि शेकाले तुराट्या तयार ठेवजा.

मिक्सवाला_वरूड

आणि तुराट्या खोलीबाहेर पेटवा. तडतड माइकमध्ये येते.